गप्प झालेला पोपट रुळलेला नसतो

घरात नवा पोपट आला आणि तो दिवसभर ओरडू लागला, की सल्ले देणाऱ्यांना तोटा नसतो. पिंजऱ्यावर चादर टाका, अंधाऱ्या खोलीत ठेवा, हिरवी मिरची द्या, ओरडला की पिंजऱ्यावर थाप मारा, दोन दिवस कुणी जवळ जाऊ नका. सल्ले निरनिराळे असले तरी त्यांच्यामागचं गृहीत एकच आहे: ओरडणं ही पोपटाची खोड, आणि ती मोडली की पोपट रुळला. मग काही दिवसांनी पोपट खरोखरच गप्प बसतो. घरचे निःश्वास टाकतात आणि आल्यागेल्याला सांगतात, ‘आता सवय झाली त्याला.’

हे गृहीत उथळ आहे, आणि त्याची किंमत पक्षी मोजतो. शांतता हे पोपट रुळल्याचं माप नाही. नव्या घरात ओरडणारा पोपट आपल्या माणसांना हाक मारत असतो. त्या हाकेला उत्तर मिळू लागलं की तो रुळतो. उत्तर मिळतच नाही, किंवा शिक्षा मिळते, तेव्हा तो गप्प होतो. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्या दिसतात, म्हणून आपण फसतो. बदल घराने करायचा असतो, पक्ष्याने त्या मानाने थोडा. आणि काही पोपटांच्या बाबतीत तर ‘घरात रुळवणं’ हा प्रश्नच चुकीचा आहे. सुरुवात तिथूनच करतो.

१. आधी विचारा: पोपट कोणता?

अहिल्यानगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव अशा गावांतल्या घरांत आज दोन प्रकारचे पोपट येतात. पहिला आपला: हिरवा, लाल चोचीचा, नराच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ असलेला. त्याचाच थोराड भाऊ पहाडी पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला. आणि जांभळट डोक्याचा लहानखुरा टुईया. दुसरा प्रकार परदेशी: बजरीगर (दुकानदार यालाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात), कॉकाटील, खरे लव्हबर्ड, सन कोन्युर, आफ्रिकन ग्रे.

पहिल्या प्रकाराबद्दल कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. देशी पोपटांच्या व्यापारावर १९९०-९१पासून बंदी आहे. कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि गुलाबी कंठाचा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आला. तो पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी होऊ शकते. ‘बाजारात उघड मिळतो’ किंवा ‘कुणीतरी भेट दिला’ हे कारण कायद्यापुढे टिकत नाही.

कायद्याची भीती घालावी म्हणून हे सांगत नाही. मुद्दा ओरडण्याचाच आहे. हा पोपट उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाच्या ढोलीतून पिल्लू असताना काढलेला असतो. आईबापांनी चारा भरवायच्या वयात त्याला टोपलीत कोंबलेलं असतं आणि विक्रीआधी बहुधा पंख कातरलेले असतात. त्यातून घर अहिल्यानगर जिल्ह्यातलं. सावेडीतली गॅलरी असो, भिंगारचं अंगण असो की राहात्याची पेरूची बाग, सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवस मावळताना त्याच्याच जातीचे थवे डोक्यावरून कलकलाट करत जातात. पिंजऱ्यातला पोपट ते ऐकतो आणि उत्तर देतो. नेमक्या त्याच वेळी तो का पिसाळतो, हे कोडं घरच्यांना पडतं. त्यात कोडं काही नाही. त्याचं घर वरून चाललेलं असतं.

या पोपटाला रुळवायच्या युक्त्या मी देणार नाही. त्याला वन विभागाच्या स्वाधीन करणं हाच मार्ग आहे. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन त्यासाठी आहे. गच्चीवर नेऊन पिंजऱ्याचं दार उघडणं हा मार्ग नव्हे. हातावर वाढलेल्या पक्ष्याच्या पंखात बळ नसतं, दाणा कुठे मिळतो ते त्याला ठाऊक नसतं, मांजराची आणि शिकऱ्याची भीती त्याला शिकवलेली नसते. मोठ्या जाळीदार दालनात उडायची सवय परत लावून, मग थव्याजवळ सोडणं हे काम जाणकारांचं आहे.

परदेशी पोपटाचं दार कायद्याने बंद नाही, तरी ते सताड उघडंही नाही. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड वगळले तर बाजारात दिसणारे जवळजवळ सगळे परदेशी पोपट साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. आफ्रिकन ग्रे २०१७पासून त्यातल्या सर्वांत कडक, पहिल्या परिशिष्टात गेला. अशा पक्ष्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करण्याचे नियम २०२४मध्ये आले. ज्या पोपटाची कागदपत्रं विक्रेता देऊ शकत नाही, तो कुठल्या रानातून आणि किती मेलेल्या भावंडांमागून इथवर आला, हे विकत घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

यापुढचं सगळं दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे: कागदपत्रांसह, पिंजऱ्यात पैदा झालेला, आणि आता तुमच्या दिवाणखान्यात कर्कश ओरडणारा पोपट.

२. आवाज कशासाठी असतो

पोपट थव्यात जगतो. थव्यातला पक्षी दाट पानांत शिरला की डोळ्यांना दिसत नाही. मग एकमेकांना जोडून ठेवणारा धागा आवाजाचा असतो. ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस?’ एवढाच त्या हाकेचा आशय, आणि तिला उत्तर येणं हे थव्यात सुरक्षित असल्याचं प्रमाण. व्हेनेझुएलात हिरव्या छोट्या पोपटांच्या घरट्यांवर कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पिल्लं आपली विशिष्ट हाक आईबापांकडून शिकतात. म्हणजे प्रत्येक पिल्लाला स्वतःची ओळख सांगणारी हाक असते, आणि ती त्याला घरट्यातच मिळते. पाखरांच्या फार थोड्या कुळांना ऐकून आवाज शिकता येतो. पोपट त्यांतला एक आहे, आणि हे कसब त्याला मुख्यतः आपल्या माणसांत राहण्यासाठी लागतं.

आता असा पक्षी दुकानातल्या शंभर आवाजांतून उचलून एका अनोळखी खोलीत आणून ठेवा. ओळखीची एकही हाक येत नाही. तो ओरडतो. उत्तर येत नाही म्हणून मोठ्याने ओरडतो. माणूस समोरून उठून स्वयंपाकघरात गेला की आणखी ओरडतो, कारण या घरात त्याला दिसलेला एकमेव जिवंत सोबती आता दिसेनासा झाला. याला खोड म्हणणं म्हणजे गर्दीत चुकलेल्या पोराच्या हाकेला आरडाओरड म्हणण्यासारखं आहे.

सकाळ-संध्याकाळचा कलकलाट त्याहून निराळा. थवा रात्रीच्या मुक्कामाचं झाड सोडतो आणि पुन्हा तिथे येतो, त्या दोन वेळी सगळे पोपट जगभर बोलतात. सन कोन्युर तर यात फार तीव्र आवाजाचा. पहाटेची आणि तिन्हीसांजेची ती वेळ कुठल्याही शिकवणीने पुसली जाणार नाही, आणि ज्याला ती सोसवणार नाही त्याने पोपट घरात आणू नये. दुकानात हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

३. गप्प बसण्याचे दोन अर्थ

प्रवरेकाठी नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात पोपट पकडायच्या नळीचा दृष्टान्त आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि पडण्याच्या भीतीने नळी आणखी घट्ट धरतो. त्याला कुणी बांधलेलं नसतं. पाय सोडले तर उडून जाईल, पण भीती त्याला सोडू देत नाही. ज्ञानेश्वरांना सांगायचं होतं ते जिवाच्या भ्रमाबद्दल. तरी दृष्टान्ताचा पाया पक्ष्याच्या नेमक्या निरीक्षणावर आहे: घाबरलेला पोपट सुटायला धडपडत नाही, तो घट्ट धरून थिजतो.

चादरीखाली, अंधाऱ्या खोलीत, थाप मारल्यावर गप्प झालेला पोपट बहुधा याच अवस्थेत असतो. तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात सळई धरून बसतो. पिसं अंगाला चापून बसलेली असतात, डोळे वटारलेले. समोर दाणे असून माणूस खोलीत असेपर्यंत खात नाही. हा पक्षी भक्ष्य होणाऱ्यांच्या जगातला आहे. तिथे आजारी किंवा घाबरलेला दिसणं म्हणजे शिकऱ्याला आमंत्रण, म्हणून तो त्रास लपवतो. घरचे समजतात तो निवळला. पुढे काही महिन्यांनी तो स्वतःची पिसं उपटू लागतो, छाती उघडी पडते, आणि मग ‘कसला तरी रोग झाला’ म्हणून धावाधाव सुरू होते.

निवांत पोपटाची शांतता ओळखता येते. तो एका पायावर उभा राहतो, पिसं सैल सोडतो, झोपेआधी चोचीची दोन पाती एकमेकांवर घासून बारीक करकर आवाज काढतो. अंग झटकतो, शेपूट हलवतो, स्वतःशी पुटपुटतो. तुम्ही असताना खातो. हा पोपट पूर्ण गप्प कधीच नसतो. दिवसभर त्याचं हलकं बोलणं चालू असतं, आणि घर त्याला ओ देत असतं. म्हणून नवा पोपट आणल्यावर मोजायचं ते हे: तो तुमच्यासमोर खातो का, आंघोळीचं पाणी ठेवलं तर त्यात उतरतो का, पिसं साफ करतो का. आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर त्याचं वजन. पिसांखालचं खंगलेपण डोळ्यांना दिसत नाही. काट्याला दिसतं.

४. ओरडा वाढतो तो घरामुळे

हाक ही निसर्गाची, पण अखंड किंचाळण्याची सवय आपण लावतो. पोपट हलकी शीळ घालतो तेव्हा सगळे मोबाइलमध्ये असतात. तो पुटपुटतो तेव्हा टीव्ही चालू असतो. तो कानठळ्या बसतील असा ओरडला, की आतून ‘ए, गप!’ असा आवाज येतो, कुणीतरी धावत येतं, पिंजऱ्यासमोर उभं राहून हातवारे करतं, कधी पेरूची फोडही देतं. पक्ष्याच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. हलक्या हाकेला उत्तर नाही, किंचाळण्याला नक्की उत्तर. ‘ए, गप!’ हेही उत्तरच. थव्यात कुणी ओरडून उत्तर दिलं तर त्याला राग म्हणत नाहीत.

हे उलटवायचं कसं? पोपटाच्या हलक्या आवाजांपैकी एक निवडायचा किंवा आपली एक छोटी शीळ ठरवायची. घरातल्या प्रत्येकाने, दुसऱ्या खोलीत असतानाही, पोपटाने हलका आवाज काढला की तीच शीळ घालायची. किंचाळला तर पळत जायचं नाही आणि ओरडायचंही नाही. तो थांबला, एखादा साधा आवाज काढला, की लगेच उत्तर द्यायचं. खोलीतून बाहेर जाताना शीळ, परत येताना शीळ. पहिल्या काही दिवसांत किंचाळणं कमी होण्याआधी वाढेल, कारण आजवर चालणारा उपाय का चालत नाही हे तो जोर लावून बघणार. बरेच लोक नेमके इथे हार मानतात आणि त्याच दिवशी सगळ्यांत मोठ्या किंकाळीला उत्तर देऊन बसतात. मग पक्षी तेवढीच शिकतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. नुसतं दुर्लक्ष करणं हा उपाय नाही. किंचाळण्याकडे दुर्लक्ष आणि हलक्या हाकेला प्रतिसाद या दोन गोष्टी एकत्रच चालतात. पहिली घेऊन दुसरी सोडली तर ती पुन्हा जुनीच शिक्षा, फक्त सभ्य दिसणारी.

५. घराने काय बदलायचं: जागा, झोप आणि काम

जागा. पिंजरा भिंतीला टेकलेला असावा, म्हणजे निदान एका बाजूने धोका येणार नाही हे पक्ष्याला कळतं. उंची साधारण माणसाच्या छातीच्या पातळीवर. घरची माणसं बसतात-उठतात त्या खोलीत, पण वाटेत नको. स्वयंपाकघरात मुळीच नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारी वाफ माणसाला जाणवतही नाही, पण पोपट तिने काही मिनिटांत मरतो. गॅलरीत दिवसभर ठेवणंही नको. अहिल्यानगरचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याला सावलीकडे सरकता येत नाही. घुमटाकार, उंच, शोभेचे पिंजरे निरुपयोगी: पोपट आडवा उडतो, उभा नव्हे. पंख पूर्ण पसरून भिरभिरता येईल एवढी रुंदी हवी. प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा आहे आणि हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हाही त्यात गुन्हा आहे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी पोपट चोचीने खरवडतो आणि ते जस्त त्याला विषारी ठरतं. बसायला प्लास्टिकच्या एकाच जाडीच्या दांड्या नकोत. पेरूच्या, कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या, साली न काढता, धुऊन लावाव्यात. पायही सांभाळले जातात आणि साल सोलण्याचं कामही मिळतं.

झोप. विषुववृत्ताच्या आसपासच्या पोपटांची रात्र वर्षभर साधारण बारा तासांची असते. आपल्या घरात रात्री अकरापर्यंत मालिका, बारापर्यंत दिवे. पोपटाला आठ तासांत उठवलं जातं आणि मग तो चिडचिडा झाला म्हणून तक्रार होते. दहा ते बारा तास अंधार आणि शांतता त्याला रोज एकाच वेळी मिळाली पाहिजे. चादर इथे, झोपेसाठी, वापरावी. शिक्षेसाठी वापरलेली चादर झोपेच्या वेळीही भीतीचीच होते.

काम. ही तिन्हींतली सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट आणि माझ्या मते सगळ्यांत निर्णायक. रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास खाणं शोधण्यात घालवतो: उडणं, निवडणं, सोलणं, फोडणं. घरात त्याला वाटी भरून दाणे मिळतात आणि पाऊण तासात दिवसाचं काम संपतं. उरलेला वेळ तो ओरडतो किंवा स्वतःला सोलतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पिंजऱ्यातल्या तरुण अमेझॉन पोपटांना अन्न शोधायला लावणारी साधनं आणि चढायला-कुरतडायला वस्तू दिल्या. ज्यांना ती मिळाली त्यांच्यात पिसं उपटण्याची सवय लागली नाही आणि ज्यांना आधी लागली होती त्यांच्यात ती कमी झाली. यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. शेवग्याची शेंग उभी बांधून द्या. ज्वारीचं कणीस ताटासकट पिंजऱ्यात अडकवा. कागदाच्या पुडीत चार दाणे गुंडाळून ठेवा. पेरू कापू नका, अख्खा लटकवा. या जिल्ह्यातल्या घराला यातलं काहीही मिळवायला फार लांब जावं लागत नाही.

खाण्याबद्दल तीन वाक्यं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्वाची कमतरता होते आणि चरबी चढते. पालेभाज्या, गाजर, भोपळा, मोड आलेली कडधान्यं रोज हवीत. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि खारट फरसाण कधीच नको.

जागा, झोप आणि काम हे तिन्ही जागेवर आले की हाताळणीला वेळ लागत नाही. पहिले काही दिवस पिंजऱ्याजवळ बसा, वर्तमानपत्र हलक्या आवाजात वाचा, हात आत घालू नका. तो जवळ येऊन दाणा घेईल तेव्हा हातातून द्या. दिवस ठरवू नका. पाऊल त्याने टाकायचं आहे.

६. बोलण्याचा हट्ट

नव्या पोपटाला आणल्या आणल्या बोलायला लावणं ही आपल्याकडची जुनी हौस. ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणाला की पाहुण्यांसमोर मान उंचावते. त्यासाठी त्याला एकटं ठेवतात, मोबाइलवर एकच रेकॉर्डिंग तासन्‌तास लावतात, मिरची खिलवतात. मिरचीने जीभ सुटते ही समजूत निराधार आहे. मिरचीचा तिखटपणा ओळखणारी जी संवेदना सस्तन प्राण्यांना असते ती पक्ष्यांना नसते, त्यांना मिरची तिखट लागतच नाही. एकटेपणाचा आणि रेकॉर्डिंगचा मार्ग त्याहून वाईट. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७मध्ये विकत घेतलेला अॅलेक्स हा आफ्रिकन ग्रे पोपट २००७मध्ये मेला तोवर शंभराहून अधिक शब्द वापरत होता. रंग, आकार, सहापर्यंत संख्या त्याला सांगता येत. त्याला शिकवलं ते दोन माणसांनी त्याच्यासमोर एकमेकांशी बोलून, वस्तू हातात देऊन-घेऊन. ध्वनिफितीवरून त्यांच्या पोपटांना शब्द अर्थासह शिकता आले नाहीत. पोपटाला शब्द सोबतीतून येतो. ज्या घरात माणसं एकमेकांशी आणि पोपटाशी बोलतात तिथे तो बोलेल. नाही बोलला तरी त्याचं काही अडत नाही.

७. आक्षेप

‘आमच्या वाड्यात आजोबांच्या काळी पोपट होता. यातलं काही केलं नाही, तरी वीस वर्षं जगला.’ शक्य आहे. पण तो वाडा आठवून पाहा. ओसरीवर दिवसभर माणूस असे. आजी तांदूळ निवडता निवडता त्याच्याशी बोले, पोरं येता-जाता शीळ घालीत, पहाटे जात्यापाशी कुणीतरी जागं असे, दिवेलागणीनंतर लवकर अंधार. मी वर जे नियम म्हणून सांगितले ते त्या घरात राहणीचाच भाग होते. तो पक्षी रानातून आणलेला होता ही चूक तेव्हाही होतीच. पण तो जगला तो त्या घराच्या सोबतीवर. आजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नऊ ते सहा कुलूप असतं. तिथे त्या आजोबांच्या पोपटाचा दाखला चालत नाही.

‘पोपट पिकाचा शत्रू आहे. हुरड्याच्या दिवसांत पारनेर-श्रीगोंद्याच्या ज्वारीत आणि राहात्याच्या पेरूत किती नासधूस करतो ते शेतकऱ्याला विचारा. असला पक्षी घरात ठेवला तर बिघडलं काय?’ नासधूस खरी आहे. पोपट खातो त्याहून जास्त कुरतडून टाकतो, आणि गोफण घेऊन माळ्यावर दिवस काढणाऱ्या माणसाचा राग मला रास्त वाटतो. पण ढोलीतून पिल्लू काढल्याने कुणाची ज्वारी वाचत नाही. ते पिल्लू विकून पैसे मिळतात ते दुसऱ्यालाच. राखणीचा प्रश्न शेतातच सोडवावा लागेल, जाळ्यांनी, राखणीने, भरपाईच्या वाजवी व्यवस्थेने. त्याचा राग पिंजऱ्यातल्या पिल्लावर काढणं म्हणजे शेतकऱ्याचं नाव पुढे करून तिसऱ्याचा धंदा चालवणं आहे.

‘पिंजऱ्यातच जन्मलेल्या पक्ष्याला थवा कुठला ठाऊक?’ हा आक्षेप विचारी वाटतो, म्हणून जास्त थांबतो. बजरीगर जॉन गोल्ड यांनी १८४०मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला नेले. कोंबडी माणसाजवळ हजारो वर्षं आहे, बजरीगर दोनशेही नाहीत. कोन्युर आणि ग्रे तर बऱ्याचदा रानातून दोन-चार पिढ्यांवर आहेत. एवढ्या काळात पिसांचा रंग बदलता येतो. निळे, पिवळे, पांढरे बजरीगर माणसाने घडवले. पण थव्यात राहण्याची भूक रंगाइतकी वरवरची नसते. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाने रान पाहिलेलं नसतं हे खरं. हाकेला उत्तर न मिळाल्याचं त्याला जे होतं ते रान न पाहताही होतं. आणि २०११मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पक्ष्यांना मोकळ्या आकाशात जगण्याचा हक्क आहे असं म्हटलं, तेव्हा पक्षी जन्मला कुठे यावर तो हक्क टांगलेला नव्हता.

‘शेजारी तक्रार करतात. उत्तरं देत बसलो तर आवाज आणखी वाढेल.’ वाढणार नाही, कारण उत्तर हलक्या आवाजाला मिळतं. तरी पहाटे आणि संध्याकाळी थोडा वेळ कलकलाट राहीलच. शेजाऱ्यांना ते आधी सांगणं, त्या वेळी खिडकी बंद ठेवणं, नेमक्या त्याच वेळी पोपटाला कणीस किंवा आंघोळ देणं, एवढं आपल्या हातात आहे. आवाजाला रागावलेल्या शेजाऱ्याच्या भीतीने पोपटाला अंधारात कोंडणं मात्र नाही.

‘दोघंही नोकरीला. मग एका जोडीदार पोपटाची सोय केली तर?’ कधी उपयोग होतो. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून, पशुवैद्याकडून तपासूनच एकत्र आणावा, कारण पोपटांचे काही आजार, उदाहरणार्थ सिटॅकोसिस, माणसांनाही होतात. पण दोन पोपट एकमेकांत रमले की माणसाशी त्यांचं नातं पातळ होतं. ज्यांना पोपट ‘माझ्याशी बोलायला’ हवा आहे त्यांची त्यातून निराशाच होते, आणि मग जोडी पुन्हा वेगळी केली जाते. शिवाय कॉकाटील पंधरा-वीस वर्षं जगतो आणि ग्रे चाळीसच्या पुढे. आज शाळेत असलेल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला पोपट तो मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यावर कुणाच्या हाकेला ओ देणार, हे आणण्याआधी घरात मोठ्याने बोललं पाहिजे. पोपट आधीच आला असेल आणि घर दिवसभर कुलूपबंद असेल, तर मी त्या घराला एवढंच सांगेन: ज्या नातेवाइकांकडे दिवसभर कुणी असतं, वाडी-वस्तीवरचं मोठं कुटुंब, निवृत्त झालेली आत्या, त्यांच्याकडे हा पक्षी, त्याचा पिंजरा, त्याची ठरलेली शीळ आणि त्याची कागदपत्रं, सगळं मिळून द्या, आणि पहिला आठवडा रोज थोडा वेळ तिथे जाऊन बसा, म्हणजे एका अनोळखी घरातून दुसऱ्या अनोळखी घरात जाताना निदान एक ओळखीचा आवाज त्याच्याबरोबर जाईल.